हॅम रेडिओ आणि ‘दोन हजारांचा वॉकीटॉकी’: तो फॉरवर्ड पुढे ढकलू नका

परवा रात्री साडेदहाला मावशीचा फोन. "अरे, तू लोकांचे फोन ऐकतोस का?" मी हॅमवाला, म्हणजे परीक्षा देऊन, सरकारी परवाना घेऊन हौसेने रेडिओ सेटवर बोलणाऱ्यांपैकी एक, पण मला आधी कळेचना ती काय बोलतेय. मग तिने तो मेसेज पाठवला आणि वाचून डोकंच फिरलं. त्याहून वाईट म्हणजे तिच्या मोठ्या मुलाने, आमच्या दादाने, त्याच मेसेजवर विश्वास ठेवून ऑनलाईन दोन सेट मागवलेसुद्धा, आणि घरातली पोरं दोन दिवस त्यांची बटणं दाबत बसली होती. तोपर्यंत असले मेसेज मी सोडून द्यायचो, पण घरात सेट आलेत म्हटल्यावर गप्प बसवत नाही.

ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: 'सावधान! गच्चीवर उंच अँटेना दिसली तर समजा तिथे हॅमवाला आहे. एक, हे लोक तुमचे मोबाईल कॉल ऐकतात. दोन, त्यांच्या लहरींनी कॅन्सर होतो, चिमण्या गेल्या त्यांच्यामुळेच. तीन, मोबाईल आल्यावर या रेडिओचा उपयोग शून्य, हा पैसेवाल्यांचा टाइमपास. चार, त्यापेक्षा दोन हजारांचा वॉकीटॉकी घरी ठेवा, लायसन्स लागत नाही, पूर आला की १४५ वर लावा, पोलीस २४ तास ऐकतात.' खाली हात जोडलेले आणि 'जनहितार्थ'.

आधी चौथाच मुद्दा घेतो, कारण बाकीच्यांनी फक्त गैरसमज होतात, याने माणूस मरू शकतो.

१४५ म्हणजे १४५ मेगाहर्ट्झ. आपल्याकडे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा हॅम लोकांना दिलेला आहे. तिथे पोलीस बसलेले नसतात. त्यांची स्वतःची वायरलेस यंत्रणा आहे, वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर. पुराच्या पाण्यात अडकलेला माणूस हातातला मोबाईल सोडून १४५ वर 'हॅलो पोलीस, हॅलो पोलीस' करत बसला तर ते ऐकायला तिथे कोणी असेलच याची काही खात्री नाही, आणि तेवढ्यात त्याच्या मोबाईलवरून ११२ लागला असता! मदतीसाठी नंबर ११२, तो आधी लावायचा, लागला नाही तर परत परत लावायचा.

आणि तो सेट पोचतो तरी किती लांब? असल्या हँडसेटची ताकद साधारण ५ वॉट, आणि या लहरी बऱ्याचशा सरळ रेषेत जातात, मधे इमारती-डोंगर आले की संपलं. दादाचे दोन सेट घेऊन मी काल काय केलं सांगतो. बटण न दाबता फक्त ऐकायचं ठरवून आमच्या क्लबच्या रोजच्या नेटची फ्रिक्वेन्सी लावली. नेट म्हणजे ठरलेल्या वेळी सगळ्यांनी हजेरी लावायची. पार्किंगमध्ये उभं राहिलं तर नुसती खरखर, मधेच एखादा शब्द. जिना चढत गेलो, तिसऱ्या मजल्यावर आवाज तुटक, गच्चीवर एकदम स्वच्छ. सेट तोच, बोलणारेही तेच. पुरात तुम्ही गच्चीवर असाल तर नशीब, नाहीतर तो डबा गळ्यात असून नसल्यासारखा. आम्ही लांबचं बोलतो ते उंचावरच्या रिपीटरमुळे, तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि दुसरीवर मोठ्या ताकदीने परत सोडतो, त्यासाठी सेटमध्ये शिफ्ट (त्या दोन फ्रिक्वेन्सींमधला फरक) आणि टोन (रिपीटरला ओळख पटवणारा ठरलेला सूर) नीट भरावा लागतो, खोक्यातून काढून लगेच हे जमत नाही.

आता खरी भीती. दादाच्या सेटच्या खोक्यावर लिहिलंय १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झ. त्या एवढ्या मोठ्या पट्ट्यात कोण कोण बोलतं माहितीये? समुद्रातल्या बोटींचं चॅनल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, जिथे जहाजं मदतीची हाक देतात. रेल्वेचे गार्ड आणि लोको पायलट याच पट्ट्यातल्या व्हीएचएफ सेटवर बोलतात. सुरक्षा यंत्रणा, कारखाने, सगळे त्यातच. एका फ्रिक्वेन्सीवर दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं की एफएमवर जोराचा सिग्नल कमजोर सिग्नलला गिळतो, ज्याचा गिळला त्याला कळतही नाही, तो बोलतच राहतो. पोरगं सोफ्यावर बसून बटण दाबतंय आणि पलीकडे कोणाचा तरी कामाचा निरोप पोचत नाहीये, हे डोळ्यासमोर आणा. गेल्या पावसाळ्यात आमच्या रिपीटरवर कोणीतरी सेट बॅगेत कोंबला असावा, बटण दाबलेलंच राहिलं, आणि पाऊण तास आम्हाला कपड्यांची घासाघास आणि रिक्षाचा आवाज याशिवाय काही ऐकू आलं नाही. त्या रात्री नदीकाठच्या दोन सभासदांकडून पाण्याची पातळी विचारायची होती, शेवटी फ्रिक्वेन्सी बदलून विचारावी लागली.

'लायसन्स लागत नाही' यातलं अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या चिंचोळ्या पट्ट्यात चालणारे कमी ताकदीचे वॉकीटॉकी लायसन्सशिवाय वापरता येतात. ट्रेकला, लग्नाच्या हॉलवर तसलेच घ्या, माझी काहीच हरकत नाही. पण फॉरवर्डमधला सेट तो नव्हेच! विनापरवाना वायरलेस सेट नुसता जवळ बाळगायलासुद्धा १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने मनाई केली आणि २०२३ च्या टेलिकम्युनिकेशन्स कायद्यातही ती अट आहे. आणि हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकी विकणाऱ्या ई-कॉमर्स प्लॅटफॉर्मना तब्बल १३ नोटिसा काढल्या, कारण वस्तूच्या पानावर ती कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालते, लायसन्स लागतं का, उपकरणाला सरकारी मान्यता आहे का, हे धड लिहिलेलंच नव्हतं. त्यानंतर या विक्रीसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आली. म्हणजे 'ऑनलाईन मिळतंय म्हणजे चालत असणार' हा दादाचा मुद्दाही गेला. कोणी विचारलंच तर हे पुढे करा, एवढं पुरे आहे.

आता फोन ऐकण्याबद्दल. मोबाईलचा कॉल डिजिटल असतो, फोन आणि टॉवरच्या मधे तो सांकेतिक करूनच जातो, आणि तो ९००, १८००, २१०० मेगाहर्ट्झ अशा पट्ट्यांत असतो. आमचे सेट तिथे चालतच नाहीत. उलट आमच्याकडे सगळं उघड्यावर. हॅमला गुप्त भाषेत किंवा कोड लावून बोलायला बंदी आहे. कॉलसाईन, म्हणजे परवान्यासोबत मिळालेली आपली रेडिओवरची ओळख, सांगावाच लागतो, आपल्याकडे तो व्हीयू टू नाहीतर व्हीयू थ्रीने सुरू होतो. धंद्याचं, राजकारणाचं बोलायचं नाही. परीक्षा द्यावी लागते, वयाच्या १२ व्या वर्षापासून देता येते, आणि माझं नाव, पत्ता, सेट कुठे ठेवलाय हे सगळं सरकारदरबारी नोंदलेलं आहे. ज्याला हेरगिरी करायची आहे तो गच्चीवर सगळ्या गल्लीला दिसेल अशी वीस मीटर वायर बांधेल का? ती वायर आहे डायपोल, ७ मेगाहर्ट्झसाठी दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तांब्याची वायर आणि मधोमध केबल. दोन टोकांना पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि नायलॉनची दोरी, बस्स. ज्यांना शंका आहे त्यांनी चहाला या, हात लावून बघा. फक्त मी बोलत नसताना, कारण ट्रान्समिट करताना अँटेनाला हात लावला तर चटका बसतो.

तेवढ्या चटक्यावरून कॅन्सर होत नाही. रेडिओलहरी एक्स-रेसारख्या नसतात, त्या डीएनए तोडू शकत नाहीत. जास्त ताकदीच्या अँटेनाला अगदी चिकटून राहिलं तर अंग तापतं, म्हणून आम्ही ती उंच आणि माणसांपासून लांब बांधतो. चिमण्यांबद्दल मी काही बोलणार नाही, आमच्या डायपोलवर रोज सकाळी त्या रांगेने बसलेल्या असतात. हां, एक तक्रार जुनी आणि खरी: पूर्वी हॅमवाला बोलायला लागला की शेजारच्या जुन्या टीव्हीवर रेघा यायच्या. तेव्हा लोकांनी शिव्या दिल्या त्या योग्यच होत्या, आणि फिल्टर लावून ते दुरुस्त करायची जबाबदारी आमची होती, आजही आहे.

राहिला 'उपयोग शून्य'. याचा मला सगळ्यात जास्त राग आला. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद, कॉलसाईन व्हीयू टू आरबीआय, पोर्ट ब्लेअरमध्ये हॅम स्टेशन चालवत होत्या. हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओची ती मोहीम, अंदमानातून जगभरातल्या हॅमशी बोलण्यासाठीची. सकाळी भूकंप झाला, टेलिफोन गेले, आणि त्या शौकासाठी आणलेल्या सेटवरूनच बेटांवरची खबर बाहेर पोचायला लागली. पुढे कितीतरी दिवस कोण सुखरूप आहे, कोणाचा पत्ता नाही, असे निरोप हॅम लोकांनी पोचवले. मुख्य भूमीवर कोणीतरी आपल्या माणसाची वाट बघत होतं आणि त्याला 'सुखरूप आहे' एवढे दोन शब्द मिळाले, ते या 'टाइमपास'मुळे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मोबाईल भारतात यायचाच होता, तेव्हाही हॅम मंडळी लातूरला सेट घेऊन गेली. २००१ ला भुजला गेली. पश्चिम बंगालचा रेडिओ क्लब गंगासागरच्या यात्रेत हरवलेल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या घरच्यांपर्यंत पोचवतो. मोबाईल आला म्हणून काय, टॉवरला वीज लागते, केबल लागते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला, त्या रात्री मुंबईत फोन लावून बघितलेल्या कोणालाही विचारा.

'पैसेवाल्यांचा' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की आमच्या क्लबमध्ये एक इलेक्ट्रिशियन आहे, दोन शाळकरी पोरं आहेत, एक रिटायर्ड पोस्टमास्तर आहेत. तारयंत्रावर शिकलेला मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची भाषा, त्यांच्या बोटात अजून आहे आणि रविवारी ते तो पोरांना शिकवतात, आधी टेबलावर पेनाने ठोकून, मग मोर्स पाठवायच्या कीवर. सुट्टीत आम्ही फॉक्स हंट करतो. एक छोटा ट्रान्समीटर बागेत कुठेतरी लपवायचा आणि घरी बनवलेल्या यागी अँटेनाने दिशा बघत शोधायचा. ती यागी म्हणजे पीव्हीसी पाइपवर कापून लावलेल्या स्टीलच्या मेजरिंग टेपच्या पट्ट्या, झुडपात अडकली तरी वाकते आणि परत सरळ होते. आणि हा काही आत्ताचा चिनी माल आल्यावर सुरू झालेला प्रकार नाही. अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना १९२१ मध्ये टू जेके हा कॉलसाईन मिळाला होता, हॅम लोकांच्या देशव्यापी संस्थेची सुरुवात १९४८ मध्ये मध्य प्रदेशातल्या महूच्या स्कूल ऑफ सिग्नल्स या लष्करी शाळेत झाली, आणि ५ मे २००५ ला इस्रोने पीएसएलव्हीवरून हॅमसॅट नावाचा खास हॅम लोकांसाठीचा उपग्रह सोडला. निरुपयोगी शौकासाठी इस्रो उपग्रह सोडेल?

दादाशी काल तासभर बोललो. तो आधी चिडला, "तू वापरतोस ते चालतं आणि मी वापरलं की गुन्हा?" मी म्हटलं, दादा, तूही परीक्षा दे ना, रिस्ट्रिक्टेड ग्रेडला, म्हणजे सुरुवातीच्या परवान्याला, मोर्ससुद्धा लागत नाही. दोन्ही सेटच्या बॅटऱ्या काढून त्याने माझ्याकडे दिल्यात, आणि सेट परत पाठवायचं म्हणतोय. मावशीने ज्या ज्या ग्रुपवर मेसेज टाकला होता तिथून तो डिलीट केला, पण दोन दिवस उलटून गेलेत त्या ठिकाणी आता तो निघत नाही. म्हणून हे सगळं टाईप केलं. तुमच्या ग्रुपवर तो आला असेल तर त्याच्याखाली हे टाका. आणि कोणी सेट मागवला असेल तर ऑर्डर आज कॅन्सल करायला सांगा, आला असेल तर बॅटरी काढायला सांगा, पोरांच्या हातात देऊ नका.