काकांचे मार्गदर्शन

सोसायटीच्या ग्रुपवर कोजागिरीचा आभारांचा मेसेज आला. दूध आटवणाऱ्यांची नावं आली, गाणी लावणाऱ्याचं आलं. बटाटेवड्यांच्या ओळीत मात्र एवढंच: 'दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचे मार्गदर्शन व इतर मदतनीस.' भट्टीसमोर झारा घेऊन संध्याकाळभर उभा होतो तो मी, म्हणजे 'इतर'. सारण दहा किलो बटाट्यांचं होतं, पण ते राहू द्या. काकांचं मार्गदर्शन नेमकं काय होतं, ते एकदा लिहून ठेवायला हवं.

पहिलं मार्गदर्शन जागेबद्दल.

"भट्टी बेसमेंटच्या पार्किंगमध्ये लावा. वारा लागत नाही, आच एकसारखी मिळते."

"काका, एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली साचतो. बेसमेंटमध्ये अजिबात नको."

"वरती झरोके आहेत की. गरम हवा वर जाते. शाळेत शिकलोय आम्ही."

"गळणारा गॅस गरम नसतो, गारच असतो."

"बरं. जड आहे म्हणता, मग सिलिंडरमधून वर कसा येतो?"

"दाबामुळे येतो, काका."

"म्हणजे वर येतो ना?" असं म्हणून काकांनी मागे जमलेल्या मंडळींकडे पाहिलं. दोघातिघांनी माना डोलावल्या. एक जण तर "पॉइंट आहे" असंही म्हणाला. त्याला वडे चार मिळाले. का मिळाले, कुणास ठाऊक.

शेवटी भट्टी उघड्यावर लागली, सपाट फरशीवर. इमारतीपासून, बेसमेंटच्या उतारापासून आणि ड्रेनेजच्या जाळीपासून लांब. वाऱ्याच्या बाजूला पत्र्याचा एकच आडोसा लावायचा. चारी बाजूंनी पत्रे लावून भट्टी कोंडायची नाही आणि सिलिंडर तर आडोशाच्या आत घ्यायचाच नाही. १९ किलोचा सिलिंडर उभा, नळी पुरेल तितका लांब. नळी भट्टीखालून जाता कामा नये आणि पायात येता कामा नये. नळीवरची तारीख वाचायची, क्लिपजवळ वाकवून भेगा बघायच्या, कारण पहिली चीर तिथेच पडते. रेग्युलेटर भट्टीचा, हाय-प्रेशरचा हवा. घरच्या शेगडीचा लावला तर एवढी कढई तापायला मध्यरात्र होईल.

जोडणी झाली की सांध्यांना साबणाचा फेस लावायचा. बुडबुडा फुगला तर गळतंय. काकांची पद्धत सोपी. "काडी ओढून नळीवरून फिरवा. लगेच कळतं." कळतं खरं, आणि ते सगळ्या बी-विंगला एकदमच कळतं.

पेटवताना काडी आधी, गॅस नंतर. भाड्याने मिळणाऱ्या भट्टीला ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद करणारी सोय सहसा नसते. वाऱ्याने ज्योत गेली की गॅस नुसता फुसफुसत राहतो. मग रेग्युलेटर बंद करून दोन-चार मिनिटं थांबायचं, वास गेल्याची खात्री करायची आणि पुन्हा पेटवायचं. तेवढ्यासाठी तरी माणूस भट्टीसमोरून हलता कामा नये. आणि हा माणूस सुती कपड्यांत, पायात बूट घालून हवा. काका खांद्यावर झुळझुळीत उपरणं टाकून कढईवर वाकत होते. फोटोसाठी.

तेल अर्ध्या कढईच्या वर घालायचं नाही. घाणा टाकला की पातळी वाढते, वर फेस येतो, आणि काठावरून उतू गेलेलं तेल थेट ज्योतीवर पडतं. म्हणून वडे दहा-बारा, सगळे एकदम नाहीत, आणि ते काठाशी झाऱ्यावरून सोडायचे. वरून टाकायचे नाहीत. फार भरले तर तेल गार पडतं आणि वडे तेल पितात.

तेल तापलं हे कसं ओळखायचं, यावर काकांची दोन मतं. एक, पाण्याचा हबका मारा. मी हिशेब सांगितला: एक चमचा पाण्याची आठ लिटरहून जास्त वाफ होते, आणि ती तेल घेऊन बाहेर येते. काका म्हणाले, "हबका म्हणजे चमचा नव्हे." दोन, धूर येईपर्यंत थांबा. हे त्यांनी कानपूरच्या नोकरीतून आणलेलं. तिकडे मोहरीचं तेल धुरावेपर्यंत तापवतात, उग्रपणा जावा म्हणून. आपल्या रिफाइंड शेंगदाणा तेलाला धूर येतो तो २३० अंशांच्या आसपास. वड्यांना लागतात १७५ ते १८०. धूर दिसला की गॅस बंद करायचा. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब सोडून बघावा, किंचित बुडून लगेच वर आला की तेल तयार.

तेवढ्यात काका मिरच्या घेऊन आले. धुतलेल्या, न पुसलेल्या, अख्ख्या. मिरचीला चीर दिली नाही तर आतली वाफ कोंडून ती फटाक्यासारखी फुटते. मी झारा आडवा धरला. काकांनी तो अपमान मानला आणि समितीच्या अध्यक्षांना जाऊन सांगितला.

आता जरा गंभीर. काकांनी 'सेफ्टी म्हणून' भट्टीशेजारी पाण्याची बादली ठेवली आणि सगळ्यांनी कौतुक केलं. पेटलेल्या तेलावर पाणी ओतलं की पाणी तळाशी जाऊन वाफ होतं आणि जळतं तेल अंगावर उडतं. गॅस बंद, कढईवर बसेल असं पत्र्याचं झाकण कडेने सरकवून घालायचं, तेल गार होईपर्यंत ते उचलायचं नाही आणि कढई हलवायची नाही. बस. झाकण मी मागितलं होतं. मंडपवाल्याने आणलं नाही, शेवटी स्वतःच्या खिशातून आणलं. त्याची पावती समितीकडे पडून आहे. लॉबीतल्या अग्निशामकाच्या चिठ्ठीवरची रिफिलची तारीख उलटून गेली आहे. त्यातली पावडर ज्वाळा विझवते, पण तेल गार करत नाही, ते पुन्हा पेटू शकतं. तळणीच्या आगीला वेट केमिकलचा, म्हणजे तेलावर थर धरून ते गारही करणाऱ्या द्रावाचा अग्निशामक लागतो. हे बैठकीत बोललो तेव्हा खर्चाचा प्रश्न निघाला. रोषणाईच्या माळांना तो निघाला नव्हता.

शेवटचा घाणा निघाला, गॅस बंद केला, तर काका पाच लिटरचा प्लास्टिकचा डबा घेऊन हजर.

"उरलेलं तेल द्या. दिवाळीच्या चिवड्याला होईल."

"दिवाळीपर्यंत नाही टिकणार. बेसनाचे कण जळलेत त्यात. गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला वापरा."

"हॉटेलवाले महिनाभर वापरतात."

"त्यांनाही मर्यादा आहे, काका. १ जुलै २०१८ पासून. तेल पुन्हापुन्हा तापवून खराब होताना त्यात पोलर घटक तयार होतात, ते २५ टक्क्यांवर गेले की तेल टाकायचं."

"हे घरचं तेल आहे. याला कसला कायदा?"

"बरं, पण आत्ता नाही. दीडशे अंशांच्या वर आहे अजून. डबा वितळेल. सकाळी न्या."

काकांनी डबा माझ्यापुढे धरला.

"तुम्ही ओता हळूहळू. मी वरून फुंकर घालतो."