सिंहस्थ ते सिंहस्थ

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो २०१५ च्या सिंहस्थाच्या वर्षी. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-फाईव्ह प्रोसेसर, आठ जीबी रॅम. आता पुढचा सिंहस्थ तोंडावर आलाय, तरी टेबलावर तोच आहे. सकाळी बटण दाबून मी आंघोळीला जातो, देवपूजा उरकतो. परत येतो तेव्हा स्क्रीनवरचं चित्र आलेलं असतं, आयकॉन यायचे असतात.

मी चिकट नाही. मी थांबलोय.

याला कारण साडू. त्यांनी २०१७ च्या गणपतीत सातव्या पिढीचा आय-फाईव्ह घेतला, चार कोअरचा, म्हणजे आत काम करणारे चार हात. पेढेसुद्धा वाटले. कोजागिरीच्या सुमारास इंटेलची आठवी पिढी आली आणि त्याच आय-फाईव्हला सहा कोअर! साडू म्हणाले, "प्रोसेसर बसायचं सॉकेट तेच आहे, ११५१. नुसता प्रोसेसर बदलू." सॉकेटचं नाव तेच होतं, पण जुन्या मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर, नवा प्रोसेसर चालत नव्हता. त्या वर्षी गच्चीवर साडूंनी मसाला दूध तोंडाला लावलं नाही.

तेव्हापासून मी शहाणा झालो. नवी पिढी आली की आधीची उतरते, तेव्हा घ्यायची. हिशेब चोख होता. फक्त आधीची उतरेपर्यंत पुढचीच्या बातम्या यायच्या. २०२२ मध्ये एएमडी कंपनीचे रायझन ७००० प्रोसेसर आले, नवं एएम-फाईव्ह सॉकेट घेऊन, तेव्हा मी पैसे काढून एम. जी. रोडवर गेलो होतो. दुकानदारच म्हणाला, "सर, याला डीडीआर-फाईव्ह, म्हणजे नव्या प्रकारची रॅमच लागते आणि ती अजून महाग आहे. थोडं थांबा." एवढा सज्जन माणूस! मी थांबलो. २०२४ मध्ये ९००० आले. मी पुन्हा गेलो, चहा प्यायलो, "कळवतो" म्हणून आलो. बायको म्हणते, इतके पोहे खाऊन तर स्थळंसुद्धा हो म्हणतात.

मग १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ साठी इंटेलची किमान आठवी पिढी हवी. म्हणजे साडूंचं पुन्हा एकानेच हुकलं. मी फोन केला, त्यांनी उचलला नाही.

दिवाळी झाल्यावर निश्चय करून गेलो. प्रोसेसर ठीक होता, मदरबोर्डही ठीक. रॅमचा आकडा बघून मी चष्मा पुसला.

"एआयवाल्यांच्या डेटा सेंटरला मेमरी लागते ना सर. कंपन्या तिकडे देतात, इकडे माल नाही."

"मग उतरेल कधी?"

"हे कोटेशन संध्याकाळपर्यंतच धरा."

लासलगावला लिलावात उभा असल्यासारखं वाटलं. घरी येऊन निफाडच्या मामांना सांगितलं. त्यांची कांद्याची चाळ आहे. उन्हाळ कांदा भरायचा आणि भावाची वाट बघायची, हे त्यांनी आयुष्यभर केलंय. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"तुझ्या जुन्या रॅमला भाव नाही का आला?"

"ती डीडीआर-थ्री, मामा. नव्या बोर्डात बसतच नाही."

"कोंब येतात का तिला?"

"नाही."

"मग राहू दे की पडून," असं म्हणून मामांनी फोन ठेवला. त्यांना चाळीतला सडका कांदा निवडायचा होता.