झोन बंद करा म्हणता, पण मार्किंग शिकवणार कधी?

नागपूरच्या आमच्या जुन्या बास्केटबॉलवाल्यांत सध्या एकच भांडण चालू आहे, अंडर १३-१४ च्या पोरांना झोन (माणूस न धरता प्रत्येकाने आपापली जागा राखायचा डिफेन्स) खेळू द्यायचा की नाही, आणि फुल कोर्ट प्रेस, म्हणजे पूर्ण कोर्टभर समोरच्याला अडवणं, लावून समोरच्या शाळेला चाळीस-चार असं धुवायचं याला कोचिंग म्हणायचं का. एक गट म्हणतो, जर्मनीत लहान पोरांना झोन बंद आहे म्हणून तर ते २०२३ ला वर्ल्ड चॅम्पियन झाले. दुसरा म्हणतो, अरे बाप्पा, त्यांचं त्यांना लखलाभ, आपल्याकडे टीम हरली तर पोराला सर्टिफिकेट काय तुम्ही देणार? मी इकडे जर्मनीत उल्मला राहतो म्हणून दोन्हीकडचे मलाच फोन करतात, तर म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू.

वर्ल्ड चॅम्पियनवालं आधी सोडा भाऊ. मनिलाच्या फायनलमध्ये सर्बियाला ८३-७७ ने हरवलं त्या टीममध्ये श्रोडर होता, वॅग्नर बंधू होते, एनबीएत खेळणारी माणसं. एका नियमावर कप मिळत असता तर सगळ्यांनीच मिळवला असता. एनबीएत तर २००१ पर्यंत मोठ्यांनाच झोन बंद होता, ते कोणी सांगत नाही.

पण नियम आहे हे खरं. इथे अंडर १४ आणि त्याखालच्या मुलांना मॅन टू मॅनच, म्हणजे प्रत्येकाने आपला एक माणूस धरूनच, खेळावं लागतं, झोन दिसला की पंच आधी वॉर्निंग देतात, तरी ऐकलं नाही तर कोचला टेक्निकल फाउल. माझी पोरगी इथल्या क्लबात अंडर १२ खेळते, कोच म्हणजे एक कॉलेजची मुलगी, प्रॅक्टिस आठवड्यातून दोनदा. दोनदाच! आणि त्यातला मोठा वेळ एका बास्केटवर तीन विरुद्ध तीन. ती ओरडत असते एकच, बॉल कुठे, तुझा माणूस कुठे, दोन्ही दिसतायत का. आपला माणूस बॉलपासून एका पासवर असेल तर त्याच्या आणि बॉलच्या मध्ये हात घालायचा, दोन पासवर असेल तर आत सरकून हेल्पला उभं राहायचं, आणि पास हवेत असतानाच आपली जागा बदलायची, बॉल पोचल्यावर नाही. एवढंच आहे मॅन टू मॅन, पण हे अंगात मुरायला दोन-दोन सीझन जातात आणि त्या काळात टीम मार खाते, कारण एक मुलगी झोपली की समोरच्यांना सरळ लेअप, बास्केटजवळून सोपा शॉट.

आता झोन लहान वयात इतका का चालतो ते बघा. पोरांच्या हातात जोर नसतो. बारा वर्षाचं पोरगं १५ मीटर रुंद कोर्टच्या एका बाजूहून दुसऱ्या बाजूला सरळ जोरात पास देऊच शकत नाही, लांबून शॉट तर दूरच, मग टू-थ्री झोन (पुढे दोघं, मागे तिघं) लावून उंच पोरं बास्केटखाली हात वर करून उभी केली की समोरच्याकडे उत्तरच नाही. म्हणजे तुमचा डिफेन्स चांगला नाही, समोरच्याचे दंड बारीक आहेत. ट्रॅप प्रेसचंही तेच, दोघांनी कोपऱ्यात घेरलं की त्या बिचाऱ्याला वरून पास काढता येत नाही, बॉल अर्ध्या कोर्टापलीकडे न्यायचे आठ सेकंद संपतात नाहीतर बॉल हातातून जातो. सतराव्या वर्षी त्याच पोराचे दंड भरतात, एका पासात तुमचा झोन फाटतो, आणि तुमच्या पोराला तोपर्यंत एका माणसाला अडवायचं कसं हेच माहीत नसतं. आमच्या शाळेच्या टीममध्ये हेच झालं होतं, अंडर १४ ला डिस्ट्रिक्ट जिंकलेले उंच गडी पुढे बेंचवर. (मी बुटका, झोनमध्ये पुढे पळायचो, म्हणून वाचलो.)

प्रेसच्या मी विरोधात नाही हां. आपापला माणूस धरून पूर्ण कोर्टभर प्रेस करा, बॉलवाल्याला दोन-तीन वेळा दिशा बदलायला लावा, त्याच्यासारखी पायांची शाळा नाही. माझा आक्षेप फक्त दोघांनी मिळून लहानग्याला घेरण्यावर आहे.

आता नागपूर. शिवाजी नगर जिमखान्यावर किंवा एनबीवायएसच्या मैदानावर संध्याकाळी जाऊन बघा, पोरं रोज येतात, उन्हाळी शिबिरात तर सकाळी ऊन चढायच्या आत. रोज! माझ्या पोरीच्या कोचला हे सांगितलं तर तिला खोटं वाटतं. नागपुरात एका कोचमागे तीस-चाळीस पोरं आहेत हे मान्य, पण तीन विरुद्ध तीनला अर्धा कोर्टही जास्त होतो, त्यामुळे जागा नाही, वेळ नाही हे कारण मला पटत नाही.

पटतं ते दुसरं कारण. इथे जर्मनीत पोरांची लीग असते, शनिवारी हरलो तर पुढच्या शनिवारी परत मॅच, कोचला शिकवता शिकवता हरणं परवडतं. आपल्याकडे शालेय स्पर्धा नॉकआउट, एक हरली की घरी, वर खेळाडूंचे ग्रेस मार्क आणि सरकारी नोकरीतल्या ५ टक्के आरक्षणाची गणितं आईबापांच्या डोक्यात आधीच फिरून राहिली असतात. अशात नुसता झोन बंद केला तर कोच झोनच लावतील आणि सॅगिंग मॅन (आपला माणूस धरूनच, पण मागे बास्केटकडे सरकून) आहे म्हणतील. म्हणून जे लोक फक्त बंदीसाठी सह्या गोळा करून राहिले त्यांना माझं म्हणणं, आधी अंडर १४ पर्यंतचे पहिले राउंड लीगचे करायला लावा, प्रत्येक टीमला निदान तीन मॅच मिळतील असे, बंदी त्याच्यासोबत आणा.

पंचांना कसं ओळखू येईल हाही एक प्रश्न वारंवार येतो. सोपं आहे, अटॅकरने एका बाजूने आत कट मारून दुसऱ्या बाजूला निघायचं, त्याचा माणूस त्याच्यामागे गेला तर मॅन टू मॅन, जागेवरच थांबून त्याला दुसऱ्याच्या हवाली केलं आणि हे प्रत्येक वेळी होत असेल तर झोन. प्रेससाठी तर असोसिएशनच्या पत्राचीही वाट पाहायला नको, वीस पॉइंटची लीड झाली की प्रेस सोडून हाफ कोर्टला परत यायचं, हे दोन कोच मॅचआधी हात मिळवतानाच ठरवू शकतात.