मूठभर जोंधळा आणि सेहेचाळीस हजार डॉलर

मागच्या शनिवारी लेकीला घेऊन कॉलेज बघायला गेलो होतो. इथं हे प्रकरण अकरावीपासूनच सुरू होतं, सुट्टीच्या दिवशी गाडी काढायची, दीड-दोन तास जायचं, आणि मग तिथला एक विद्यार्थी उलटा चालत चालत आपल्याला सगळा कॅम्पस दाखवतो. खरंच उलटा, तोंड आपल्याकडं आणि पाय मागं, अजून एकही धडपडलेला मी बघितला नाही. आम्ही राहतो अमेरिकेत, न्यू हॅम्पशायरमध्ये, डोंगर, झाडी, बर्फ आणि मधेच एखादं चर्चच्या मनोऱ्याचं गाव, आणि अशा गावात हजार-बाराशे पोरांचं एखादं जुनं प्रायव्हेट कॉलेज. हे त्यातलंच एक. नाव लिहीत नाही, लेकीचा अर्ज अजून जायचाय.

गेटवर दोन बॅनर शेजारी शेजारी. एकावर कॉलेजचा इतिहास, जुने काळेपांढरे फोटो, इतकी वर्षं झाली वगैरे. दुसऱ्यावर नवी कमी केलेली फी, आकडा असा मोठ्ठा की रस्त्यावरून दिसावा. मी त्याचा फोटो काढला आणि आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, तीच माझी चूक, पण ते पुढं सांगते.

आत लायब्ररीत काचेच्या पेटीत एक जाड वही उघडून ठेवलेली. तिरकं बारीक अक्षर, शाई तपकिरी झालेली. मला काय लागेना ते अक्षर, लेकीनं वाचून दाखवलं. कुणा एका पोराच्या जेवणाखाण्याच्या पैशापोटी त्याच्या बापानं सरपण आणून टाकलं होतं, इतकं सरपण, इतके डॉलर वजा. त्याच्या खाली दुसऱ्याच्या नावावर बटाटे. लेक हसायला लागली, मम्मी, बटाटे देऊन कॉलेज! आणि मला एकदम आजी आठवली.

आमचं गाव रहिमतपूरच्या बाजूला, कोरेगाव तालुका. आजी सांगायची, दळायला जोंधळा काढला की आधी एक मूठ बाजूच्या गाडग्यात टाकायची, मग जात्यावर बसायचं. ते गाडगं बोर्डिंगच्या पोरांचं. मुष्टिफंड. घरात दाणे कमी असले तरी ती मूठ चुकवायची नाही, सासू बघत असायची (आजीच्या मते सासू मूठ केवढी भरली तेपण बघायची, लई मोठी झाली तरी पंचाईत आणि बारकी झाली तरी). भाऊराव पाटलांनी १९१९ ला कराड तालुक्यात काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला बोर्डिंग साताऱ्यात आलं, १९२७ ला गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं, हे सगळं आम्हाला शाळेत पाठ होतं, त्यांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, पोरांच्या धान्यासाठी मंगळसूत्र मोडलं हेपण, आणि दरवर्षी २२ सप्टेंबरला त्यावर भाषण. मीसुद्धा केलंय, सहावीत, मधेच विसरले आणि रडले. पण ही गोष्ट मुळात फीची गोष्ट आहे हे तेव्हा कधी डोक्यात आलं नाही. शिकवायला खर्च येतो, पोराच्या बापाकडं पैसा नाही, मग तो खर्च कोण उचलणार, या एकाच प्रश्नाला त्या माणसानं घाम, जोंधळा आणि बायकोचे दागिने असं तीन ठिकाणाहून उत्तर काढलं. कमवा आणि शिका त्यातनंच आलं. १९४७ ला शिवाजी कॉलेज निघालं तेपण याच हिशोबावर.

असो. फोटो ग्रुपवर टाकला आणि तिकडं दिवाळी. बघा अमेरिकेत इतिहास साजरा करताना फी कमी करतात, आणि आपल्याकडं महोत्सव म्हणलं की मांडव, फ्लेक्स, स्मरणिका, मंत्र्यांची तारीख आणि वर फीवाढ. शंभर मेसेज. आता यातलं आपल्याकडचं वर्णन खोटं नाही. आमच्याच भागातल्या एका संस्थेचा महोत्सव चाललाय, माजी विद्यार्थी म्हणून मला पाचशे डॉलर मागितलेत, त्यातले किती कुणाच्या फीत जाणार असं विचारलं तर कमिटीतल्या सरांनी हात जोडलेला इमोजी पाठवला. पण अमेरिकेचं जे वर्णन आमच्या लोकांनी केलं ते मात्र वाचवेना, म्हणून हे लिहितेय.

कारण ही फी कमी करण्याची भानगड काय आहे ते इथं राहून कळायलासुद्धा मला वर्षभर लागलं. आमच्याच राज्यात कोल्बी-सॉयर म्हणून कॉलेज आहे, १८३७ चं, त्यांनी २०२३ पासून फी ४६,३६४ डॉलरवरून १७,५०० वर आणली, म्हणजे बासष्ट टक्के कमी. वाचून कुणालाही वाटेल काय दानत आहे. पण गंमत अशी की ते सेहेचाळीस हजार जवळजवळ कुणी भरतच नव्हतं! इथल्या प्रायव्हेट कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरांना सरासरी निम्म्याहून जास्त फी माफ असते, तिला स्कॉलरशिप म्हणायचं, पत्र यायचं जाड कागदावर, अभिनंदन, तुमच्या गुणवत्तेमुळं तुम्हाला वर्षाला चोवीस हजारांची शिष्यवृत्ती. आईबाप खूष, फेसबुकवर फोटो. आणि ते चोवीस हजार कुठल्या खात्यातनं आलेले नसतात, नुसते छापील किमतीतनं वजा केलेले असतात.

साताऱ्यात मोती चौकात लग्नाचा बस्ता बांधायला गेल्यासारखं आहे हे. साडीवर चिठ्ठी चार हजाराची, दुकानदार म्हणतो वहिनी तुम्ही घरच्या, तुम्हाला अठराशेला. आपण अठराशे देऊन बाहेर पडताना बावीसशे वाचवल्याच्या आनंदात असतो. साडी अठराशेचीच होती.

मग ती कॉलेजं आता चिठ्ठी का बदलतायत? दानतीमुळं नाही, गरजेमुळं. २००८ च्या मंदीनंतर इथं पोरंच कमी जन्मली, ती आता अठराची व्हायला लागलीत, आणि न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे आमच्या या ईशान्येकडच्या राज्यांत, तर आधीच म्हाताऱ्यांची वस्ती. छोटी कॉलेजं बंद पडतायत. आणि ज्या घरात आधी कुणी कॉलेज बघितलेलं नाही ती माणसं सेहेचाळीस हजार वाचूनच मागं फिरतात, अर्जसुद्धा करत नाहीत, त्यांना काय माहीत की ही किंमत घासाघीस करायची आहे. त्यामुळं खरी किंमत आधीच लिहा असं ठरलं. फी उतरली तशी स्कॉलरशिपपण उतरली, आमच्या ऑफिसातल्या एकीचा पोरगा अशाच एका कॉलेजात आहे, तिचं वर्षाचं बिल या सगळ्या क्रांतीनंतर तेराशे डॉलरनं कमी झालं. राहणं-जेवण मात्र दरसाल वाढतंय, त्याचा बॅनर लावत नाहीत.

तरीपण मला ते आवडलं. हे मी दोन्हीकडनं बघून बोलतेय. फार काही स्वस्त झालं नसलं तरी निदान आकडा खरा झाला. गेटवर उभा राहिलेल्या माणसाला कळतं की एवढे लागणार, जमतंय का बघू. आपण ज्या गावातल्या पोरांना शिकवतो तिथल्या माणसाशी खरं बोलायचं, यापेक्षा इतिहास साजरा करायची दुसरी कुठली चांगली पद्धत मला तरी दिसत नाही.

आणि नेमकं त्याच आठवड्यात दादाचा फोन. भाचीनं सीईटी दिलेली, इंजिनिअरिंगला जायचंय, सरकारी कॉलेज थोडक्यात हुकलंय. दादा एकदम खुशीत, अगं तिला पन्नास टक्के स्कॉलरशिप मिळाली! कुठली म्हणलं. तर एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीची. फी वर्षाला दोन लाख चाळीस हजार, पण संस्थेच्या वर्धापन वर्षानिमित्त आणि पोरीच्या पर्सेंटाइलमुळं निम्मी माफ, फक्त दोन दिवसात सीट कन्फर्म करायची. मेसेज फॉरवर्ड केला त्यानं. वरती संस्थापकांचा फोटो, समई, सोनेरी अक्षरं.

मी ते वाचलं आणि मला हसावं का रडावं कळेना. तेच जाड कागदावरचं पत्र, फक्त मराठीत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर. इकडची कॉलेजं ज्या खोट्या चिठ्ठीला कंटाळून बाहेर पडतायत ती चिठ्ठी आमच्याकडं आत्ता नवीन म्हणून येतेय, आणि आम्ही तिचं औक्षण करतोय. खाली बारीक अक्षरात अट पण तीच, पुढच्या वर्षी अमुक इतका सीजीपीए असेल तरच सवलत चालू राहील. म्हणजे पोरगी पहिल्या वर्षी मॅथ्समध्ये गडबडली की चिठ्ठीवरची पूर्ण किंमत.

म्हणलं दादा, कॅप राउंडचं, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीचं काय? राज्य सरकारनं जुलै २०२४ ला जीआर काढलाय, आठ लाखाच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. पण त्यासाठी कॅपमधनं प्रवेश पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यात चालत नाही, आणि प्रायव्हेट युनिव्हर्सिटी त्यात येतच नाहीत. तुझी निम्मी माफी म्हणजे एक लाख वीस हजार भरायचे. साध्या विनाअनुदानित कॉलेजात कॅपमधनं गेली तर शिकवणीचे शून्य. आणि तिथली फी शुल्क नियामक प्राधिकरणानं मंजूर केलेली असते, कॉलेजवार आकडे त्यांच्या वेबसाइटवर आहेत, बघ की जरा.

दादा गप्प. मग म्हणाला, तुला तिथं बसून सगळं सोपं वाटतं. त्या युनिव्हर्सिटीत एसी क्लासरूम आहेत, कंपन्या येतात, आणि या फुकटच्या कॉलेजांना सरकारचे पैसे वेळेवर येत नाहीत, मग ती पोरांच्या मागं लागतात.

यातलं शेवटचं खरं आहे. संस्थाचालकांची ती तक्रार जुनी आहे आणि खोटी नाही. आणि तिथं बसून बोलतेस हेपण खरं आहे, ते ऐकायची मला वीस वर्षांची सवय आहे, त्याला उत्तर नाही. मी स्वतः सरकारी अनुदानाच्या कॉलेजात वर्षाला काहीशे रुपयांत बीएस्सी केली आणि आता डॉलरमध्ये पगार घेऊन दुसऱ्यांना हिशोब शिकवतेय.

खासगी म्हणलं की लगेच लूट असं पण मी म्हणणार नाही. वसंतदादा सांगलीचे, स्वतःचं शिक्षण सातवीपर्यंतच, पण १९८३ ला मुख्यमंत्री असताना त्यांनीच विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं. त्याच्या आधी आपल्याकडची पैसेवाली पोरं डोनेशन भरायला कर्नाटकात जायची आणि बिनपैशाची घरी बसायची. माझा मावसभाऊ या नव्या कॉलेजातनंच इंजिनिअर झाला, मामांनी म्हैस आणि पाऊण एकर विकून. मग डोनेशन एवढं माजलं की चार-पाच वर्षांत कॅपिटेशन फीविरोधी कायदा करावा लागला, पुढं सुप्रीम कोर्ट, फी ठरवायच्या समित्या, २०१५ चा कायदा. म्हणजे आपल्याकडं फीचा आकडा लोकांसमोर आणायला चाळीस वर्षं भांडण चाललंय, आणि ते बऱ्यापैकी जिंकत आलेलो असताना ‘स्कॉलरशिप’ हा गोड शब्द मागच्या दारानं आत आलाय. डोनेशनला निदान लोक शिव्या तरी द्यायचे.

लेकीला मी केंटकीतल्या बेरिया कॉलेजचं सांगितलं. १८५५ चं, आणि १८९२ पासून तिथं ट्यूशन फी घेतलेलीच नाही, प्रत्येक पोरानं आठवड्याला निदान दहा तास कॅम्पसवर काम करायचं, घरची परिस्थिती बेताची असेल तरच प्रवेश. आपलं कमवा आणि शिकाच की. अर्थात त्यांच्या गाठीला अब्ज डॉलरच्या वरची ठेव आहे, कुणी कुणी सव्वाशे वर्षं देणग्या दिल्यात आणि त्यांनी त्या इमारतींच्या नावात उडवल्या नाहीत. त्यांचं सरपण आणि आमचा जोंधळा, फरक एवढाच की त्यांचं गाडगं फुटलं नाही. लेक म्हणाली आपल्याला नाही मिळणार तिथं, पप्पांचा आणि तुझा पगार जास्त आहे. बरोबर आहे.

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं की पाचशे डॉलर देते, पण स्मरणिकेत नाव नको, एका पोरीच्या मेसचे म्हणून पावती द्या, आणि महोत्सवाच्या फ्लेक्सवर संस्थापकांच्या फोटोखाली या वर्षीची सगळी फी छापा, शिकवणी, डेव्हलपमेंट, हॉस्टेल, मेस, सगळं एकाखाली एक. चार जणांनी अंगठा दाखवला. सरांचा पुन्हा हात जोडलेला.

भाचीनं शेवटी कॅपमधनंच घेतलं, दुसऱ्या राउंडला. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी दादाच्या तहसील कचेरीत तीन फेऱ्या झाल्या, त्याबद्दल तो माझ्यावर अजून चिडलेला आहे. काल रात्री त्यानं पावतीचा फोटो पाठवला. शिक्षण शुल्क शून्य, परीक्षा शुल्क शून्य, डेव्हलपमेंट फी आहे, हॉस्टेलचा पहिला हप्ता आहे, आणि सगळ्यात खाली ‘इतर’ म्हणून साडेचार हजार. इतर म्हणजे काय रे, म्हणलं. खिडकीवरच्या माणसाला पण माहीत नव्हतं म्हणे. सोमवारी परत जाणार आहे विचारायला.