बीट काढून टाकल्यावर उरतं ते

अटारी टीनेज रायट या बँडकडे गाणी उरली नाहीत म्हणून ते गोंगाटाकडे वळले, हे मत मला अजिबात पटत नाही.

बँड १९९२ चा, बर्लिनचा. अलेक एम्पायर अटारीच्या कॉम्प्युटरवर जुन्या रेकॉर्डमधले ड्रमचे तुकडे सुसाट वेगात लावायचा, वर फाटलेली गिटार आणि घोषणा. माल आधीपासून गोंगाटाचाच होता, ड्रम फक्त त्याला बांधून ठेवत होते. गोंगाटावर काम करणारी निक एंडो बँडमध्ये आल्यावर ही बांधणी सैल होत गेली आणि १९९९ ला लंडनच्या ब्रिक्सटन अकॅडमीत, नाईन इंच नेल्स या बँडच्या आधी वाजवताना, त्यांनी ती सोडूनच दिली. साधारण २६ मिनिटं, एकही गाणं नाही. तो सेट २००० साली अल्बम म्हणून आला. त्यांचं सगळ्यात धाडसी काम माझ्या मते तेच.

सांगलीकराला तर हे पटकन कळायला हवं, तंतुवाद्यं बनवणारं मिरज हाकेवर आहे. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा तो झंकार, काढताना घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात तिचा) माथा घासून इतका किंचित उतरता करतात की तार त्याला पुसटशी चाटत राहते. मग तारेखाली सुताचा दोरा. तो केसभर सरकला की झंकार मरतो, नाहीतर तार नुसती खरखरते. घासणं आणि ऐकणं, पुन्हा घासणं. नॉइजचं, म्हणजे मुद्दाम केलेल्या गोंगाटाच्या संगीताचं, कामही असंच कानाने चालतं.

स्वतः करून बघायला ऑक्स (चॅनेलच्या आवाजाची प्रत बाहेर काढणारी वेगळी वाट) असलेला छोटा ॲनालॉग मिक्सर पुरतो. ऑक्स सेंडमधून केबल काढून पहिल्या चॅनेलच्या लाइन इनपुटला द्या. माइक नको, फँटम पॉवर (मिक्सरने माइकला दिलेली वीज) बंद, मेन फेडर (एकूण आवाजाची पट्टी) खाली, हेडफोन गळ्यात. आता त्याच चॅनेलचा ऑक्स सावकाश वाढवा. फिरून येणारा आवाज गेला त्यापेक्षा मोठा व्हायला लागला की मिक्सर स्वतःच शीळ घालतो. मिड फिरवला की सूर सरकतो, बास वाढवला तर धडधड येते. काहीच बदलत नसेल तर तुमच्या मिक्सरचा ऑक्स ईक्यूच्या (बास-मिडच्या बटणांच्या) आधीच निघतोय. मधे डिलेचा (आवाज थोड्या वेळाने परत ऐकवणारा) पेडल घातला की ठेकाही मिळतो.

हा आवाज स्पीकरवर सोडलात तर सगळ्यात आधी जळतो ट्विटर, म्हणजे उंच स्वरांचा छोटा स्पीकर. क्लिप झालेली, म्हणजे झेपेना इतकी मोठी होऊन माथे कापले गेलेली, लहर चौकोनी होत जाते. पूर्ण चौकोनी लहरीत तेवढ्याच उंचीच्या साध्या लहरीपेक्षा दुप्पट पॉवर असते आणि वरचे स्वर जातात थेट ट्विटरवर. म्हणून ॲम्पच्या आधी लिमिटर (आवाज ठराविक पातळीवर अडवणारं यंत्र) लावा. गणपतीच्या डीजेच्या भिंतीवर तर हा प्रयोग नकोच. कानाचाही हिशोब आहे: अमेरिकेतल्या निऑश या कामगार-आरोग्य संस्थेच्या प्रमाणानुसार दिवसाला ९४ डेसिबलला १ तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. इअरप्लग घालाच.

नवखे सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवून ठेवतात. मग काहीच हलत नाही आणि दोन मिनिटांत कान थकतो. आवाज अचानक तोडला, सेकंदभर शांतता ठेवली, की पुढचा फटका दुप्पट लागतो. म्यूटचं बटण कायम बोटाखाली असू द्या.