वेरूळ एलियननं बांधलं म्हणे!

आज सकाळी सकाळी फॅमिली ग्रुपवर दाजींनी रील टाकली, कैलास लेणं माणसाच्यानं होणंच शक्य नाही, एलियनचं काम आहे म्हणे, अन् खाली सगळ्यांचे हात जोडलेले. डोकंच फिरलं.

अरे आपल्या दाराशी आहे ना ते? माझे आबा विहिरी खांदायचे, काळ्या पाषाणात, टाकी अन् घण घेऊन. त्यांना एकदा वेरूळला नेलं तर मूर्त्यांकडं बघितलंच नाही माणसानं, भिंतीवर टाकीचे वण दिसतेत तिथं हात फिरवत उभे राहिले अन् म्हणले, हे वरून खाली उतरत आलेत, विहिरीसारखं. इतिहासवाले तरी दुसरं काय सांगतेत? राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, आठवं शतक, डोंगर माथ्यापासून खाली कोरत आणला. शाळेत न गेलेल्या आबांना हात लावून कळलं ते रीलवाल्याला कळंना.

अन् विमानंच पाहिजेत तर घ्या, बडोद्याच्या १२०० वर्षं जुन्या ताम्रपटात आहे, विमानातून जाणारे देव हे मंदिर बघून थक्क झाले, अन् ज्यानं घडवलं त्या कारागिरालाच प्रश्न पडला की मी हे केलं तरी कसं. म्हणजे विमानातले नुसते बघे! कारागीर खालीच होता, आबांसारखा, धुळीत.

युरोपातलं जुनं चर्च नाही कुणी एलियनच्या नावावर खपवत. आपलीच माणसं बिनकामाची दिसतेत का?

हां, परग्रहावर जीव असंल, नाही म्हणत नाही, एवढ्या पसाऱ्यात आपण एकटेच कशाला असू. पण ते शोधायची रीत असती. नारळीकर सरांच्या टीमनं २००१ ला हैदराबादहून फुगा सोडून ४१ किलोमीटरपर्यंतची हवा गोळा केली, त्यात जिवंत पेशी सापडल्या. २००५ ला परत सोडला, त्यातून तर बॅक्टेरियाच्या तीन नव्या जाती निघाल्या, एकीला आर्यभटाचं नाव दिलं, एकीला सरांचे गुरू फ्रेड हॉयल यांचं. जीव बाहेरून आला असंल असं वाटणारी ही माणसं, तरी टीमनं सांगितलं काय, तर हे जंतू बाहेरूनच आलेत असं ठाम म्हणता येत नाही. अन् इथं अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये सगळं ठाम!

जाऊ द्या, दाजी माणूस सोन्यासारखा आहे, फॉरवर्डची सवय तेवढी वाईट. आबा असते तर चिडले नसते, एवढंच विचारलं असतं की त्या एलियनला मजुरी कुणी दिली.

ज्याला अजून शंका असंल त्यानं जाऊन भिंतीवरचे वण बघावेत. मंगळवारी नका जाऊ फक्त, लेणी बंद असतेत.