शुगर असलेल्या माणसाला घाबरवू नका, त्याचे पाय बघा

खूप दिवस मनात होतं, आज लिहितेच. घरात कुणाला शुगर निघाली की आपण सगळे त्याच्या जेवणाच्या मागे लागतो, फास्टिंग किती आली, जेवणानंतरची किती, एचबीएवनसी (म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर) किती. पायांचा विषय मात्र निघतो तो जखम चिघळल्यावरच, आणि तेव्हाही धाक घालायला, "पाय कापावा लागेल, कळतंय का?" माझं स्पष्ट मत आहे की या धाकाने कुणी पाय बघायला लागत नाही. उलट घाबरलेला माणूस बघायचंच टाळतो, आणि काही दिसलं तरी लपवतो कारण घरचे ओरडणार हे त्याला माहीत असतं. लपवण्यात गेलेले ते चार दिवसच सगळ्यात महाग पडतात हो.

मुळात आपण बाकीचे लोक पाय जपतो ते दुखतं म्हणून. बूट चावला की काढतो, खडा गेला की थांबतो. शुगर वर्षानुवर्षं जास्त राहिली की पायाच्या नसा खराब होत जातात, बोटांपासून सुरू होऊन वर, आणि दुखणंच कमी होतं. मग माणूस बुटात खडा घेऊन दिवसभर चालतो आणि संध्याकाळी मोज्याला रक्त दिसतं तेव्हा कळतं. त्यात पायाला घाम कमी येतो म्हणून कातडी कोरडी, टाचांना भेगा, पायातले छोटे स्नायू कमजोर होऊन बोटं वाकतात, सगळा दाब एकाच जागी येतो, तिथे घट्टा धरतो आणि त्या घट्ट्याखाली आतल्या आत जखम होते, वरून काहीच दिसत नाही. रक्तपुरवठाही कमी झालेला असेल तर ती भरता भरत नाही. (सिगरेट ओढणाऱ्यांचं तर हे अजूनच लवकर बिघडतं.) डायबेटिस असलेल्यांपैकी साधारण १९ ते ३४ टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी पायाला अशी जखम होते असा अंदाज आहे, आणि ज्यांचा पाय कापावा लागतो त्यातल्या बहुतेकांची सुरुवात अशाच एखाद्या साध्या जखमेने झालेली असते. म्हणजे मध्येच अडवायला जागा आहे, भरपूर आहे, हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं.

आता जे दुखणं आठवण करून द्यायचं तेच गेलं म्हटल्यावर त्याच्या जागी दुसरं काहीतरी हवं ना. "पायांची काळजी घ्या" एवढं सांगून ते होत नाही. रोज जे ठरलेलं आहेच त्याला ते जोडा, रात्रीची गोळी किंवा इन्सुलिन घेतलं की लगेच मोजे काढून चांगल्या उजेडात दोन्ही पाय बघायचे, तळवे, टाचा, बोटांच्या मधल्या फटी. दोन मिनिटांचं काम. पण कितीतरी जणांना स्वतःचा तळवाच दिसत नाही, गुडघे वळत नाहीत, वाकवत नाही, नजर कमी झालेली असते. आरसा ठेवा, मोबाईलवर फोटो काढा, आणि सगळ्यात चांगलं म्हणजे घरातल्या कुणीतरी बघा. "पाय बघितलेस का?" असं दारातून विचारण्यापेक्षा शेजारी बसून "बाबा, पाय इकडे करा बघू" म्हणा, फरक पडतो.

एक गोष्ट घरी नक्की करून बघा. इप्सविच टच टेस्ट म्हणतात तिला, इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी आणलेली. समोरच्याला डोळे मिटायला सांगायचं आणि दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना आपल्या बोटाने एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करायचा, दाबायचं नाही, चोळायचं नाही, जाणवलं की त्याने सांगायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर संवेदना कमी झाली आहे असं धरून डॉक्टरकडे जायचं. आपल्याला स्पर्श कळलाच नाही हे माणसाला स्वतः समजतं तेव्हा जे काम होतं ते दहा लेक्चरने होत नाही. अर्थात ही टेस्ट पास झाली म्हणून दवाखान्यातली तपासणी सोडायची नाही. वर्षातून एकदा तरी डॉक्टरांनी दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा बारीक धागा, तो टेकवून स्पर्श कळतो का बघतात) पाय तपासायला हवेत, पायाच्या नाड्या बघायला हव्यात, आणि संवेदना गेली असेल तर त्याहून लवकर लवकर. डॉक्टर काही बोलले नाहीत तर आपणच बूट-मोजे काढून बसावं, त्यात लाजायचं काय.

बाकीचे नियम एकदम डोक्यावर ओतू नका, एक रुळला की दुसरा. घालण्याआधी बुटात हात फिरवायचा. घरातही अनवाणी नाही. पाण्याचा गरमपणा पायाने नाही, कोपराने बघायचा, आणि पाय भिजत ठेवायचे नाहीत. क्रीम लावा पण बोटांच्या फटीत नको, तिथे कोरडं पाहिजे. नखं सरळ कापा. कुरूप घालवायच्या पट्ट्या आणि ब्लेड यांना मात्र माझा कडक विरोध आहे, त्या पट्टीतलं औषध चांगली कातडीही जाळतं आणि इथे ते जळलेलं कळत नाही.

फोड आला, कातडी फाटली, रंग बदलला तर "दोन दिवस बघू" नको, त्याच दिवशी दाखवा. आणि एकच पाय सुजला, लाल झाला, दुसऱ्यापेक्षा गरम लागतोय पण फारसा दुखत नाही, तर मुरगळला असेल म्हणून सोडू नका, ते चार्को फूट असू शकतं, आतली हाडं खचत असतात, दाखवेपर्यंत त्या पायावर भार द्यायचा नाही.

ज्यांची जखम एकदा भरली आहे त्यांच्या घरच्यांना विशेष सांगते. भरलेल्यांपैकी जवळजवळ ४० टक्के जणांना वर्षभरात पुन्हा जखम होते, आणि नेमकं पट्टी सुटली की सगळ्यांचं बघणं थांबतं. त्यांना दर एक ते तीन महिन्यांनी पाय दाखवायला न्यायचं असतं, पुढची तारीख आजच घेऊन ठेवा.